निमित्त आणि कारण

एखाद्याच्या मृत्यूविषयी बोलताना आपण एक शब्द हमखास वापरतो : निमित्त. ‘साध्या तापाचे निमित्त झाले’, ‘पाय घसरल्याचे निमित्त झाले आणि त्या पुन्हा उठल्याच नाहीत’. सांगणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही, की माणूस केवळ पाय घसरल्याने जात नाही. आत पुष्कळ दिवस काही चाललेले असते. घसरणारा पाय त्याला वाट करून देतो इतकेच. दर्शनशास्त्रात घड्याचे उपादानकारण माती आणि निमित्तकारण कुंभार असे सांगितले जाते. बोलीतले निमित्त त्या कुंभाराइतके कर्तृत्ववान नाही. ते कारणाच्या जागी उभे राहते, पण सारा भार त्याच्यावर टाकू नये ही सूचनाही त्या शब्दातच असते.

मायग्रेनच्या संदर्भात दवाखान्यांतून आता ‘ट्रिगर’ हा शब्द रुळला आहे. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा. घोडा ओढला की गोळी सुटते. ओढणारा दोषी ठरतो. रोग्याने आपापले घोडे शोधावेत, त्यांची यादी करावी आणि त्यांना हात लावू नये, अशी शिकवण त्यातून ओघानेच येते. गेली अनेक वर्षे ही अर्धशिशी माझ्या सोबतीला आहे. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही. मुळशी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांकडे पाहण्याची सवय आहे, आणि त्या सवयीने या दुखण्याकडे पाहिले असता मला असे वाटत आले आहे की ‘घोडा’ या कल्पनेपेक्षा ‘निमित्त’ ही कल्पना या रोगाच्या स्वभावाला अधिक जवळची आहे. फरक केवळ शब्दाचा नाही. उपचार कसे करावेत आणि दुखणाऱ्या माणसाशी कसे वागावे, या दोन्ही गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

प्रथम नावाविषयी. अर्धशिशी हा शब्द ‘अर्ध’ आणि ‘शीर्ष’ यांतून आला. मायग्रेन हा शब्द ग्रीक ‘हेमिक्रानिया’पासून लॅटिन-फ्रेंचमार्गे आला, त्याचाही अर्थ अर्धी कवटी. दोन दूरच्या भाषांनी एकाच लक्षणावरून नाव ठेवावे, इतके ते लक्षण ठळक आहे. अर्थात पुष्कळांचे दोन्ही बाजूंना दुखते, हेही खरे. आयुर्वेदात याला अर्धावभेदक म्हणतात. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात त्याची जी कारणे दिली आहेत ती आजच्या दवाखान्यातल्या छापील पत्रकाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत : कोरडे अन्न, अति खाणे, आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा खाणे, पूर्वेचा वारा, दव, मलमूत्रादी वेग अडवून धरणे, अति श्रम. ही ट्रिगरांची यादीच झाली. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत अर्धावभेदकाविषयी असे म्हटले आहे की तो पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उद्भवतो. मला हा ‘अकस्मात’ फार मोलाचा वाटतो. ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे. ‘अकस्मात्’ म्हणजे ज्याला ‘कशामुळे’ नाही असे. एका संहितेत कारणांची लांबलचक यादी आणि दुसरीत हा एका शब्दाचा कबुलीजबाब. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी प्रत्येक अर्धशिशीग्रस्त माणूस आयुष्यभर येरझारा घालत असतो.

दुखण्याला भाषा अपुरी पडते, असे साहित्याच्या वर्गात आपण नेहमी सांगतो. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली आजारपणावर लिहिलेल्या निबंधात डोकेदुखीसाठी इंग्रजीत शब्द नाहीत अशी तक्रार केली होती. इलेन स्कॅरीने १९८५ च्या ‘द बॉडी इन पेन’ या ग्रंथात वेदना भाषेलाच नष्ट करते असे प्रतिपादन केले. मराठीला वुल्फची तक्रार तितकीशी लागू पडत नाही. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, शूळ, भणभण, जडपणा, आवळ, घणाचे घाव... आणि यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या दुखण्याचा आहे. चांगला डॉक्टर या शब्दांवरूनच निम्मे काम करतो. ‘चहूबाजूंनी पट्टा आवळल्यासारखे’ हे बहुधा ताणाच्या डोकेदुखीचे वर्णन असते. ‘नाडीबरोबर ठणकते, जिना चढले की वाढते’ हे मायग्रेनचे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार उपचार न केल्यास ४ ते ७२ तास टिकणारे, बहुधा एका बाजूचे, ठणकणारे, मध्यम ते तीव्र आणि हालचालीने वाढणारे दुखणे. सोबत मळमळ किंवा उलटी, अथवा उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणे. आणि असे निदान पाच झटके, म्हणजे मायग्रेन. त्याला रक्ताची चाचणी नाही. मेंदूचे छायाचित्र सहसा स्वच्छ निघते. रोग्याचे कथन हाच पुरावा, आणि ऐकणारा कसा ऐकतो यावर त्या पुराव्याची किंमत ठरते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना या आजारात रस वाटावा, तो एवढ्यासाठी.

काही जणांना दुखण्याआधी ‘ऑरा’ येतो. नजरेच्या एका कोपऱ्यात चमकणारी दातेरी रेषा उगवते, पसरत जाते आणि वीस-पंचवीस मिनिटांत ओसरते. त्रिकोणी बुरुजांच्या युरोपीय किल्ल्याचा नकाशा वरून पाहावा तशी ती दिसते, म्हणून एकोणिसाव्या शतकापासून तिला ‘तटबंदी’ची उपमा दिली गेली. कार्ल लॅशली या अमेरिकी शास्त्रज्ञाने स्वतःला दिसणाऱ्या या रेषेच्या आकृत्या वेळ लावून काढल्या आणि १९४१ साली असे अनुमान मांडले की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावे. १९४४ साली आरिस्तिदेस लेआओ या ब्राझीलच्या संशोधकाला प्रयोगशाळेत, सशांच्या मेंदूवर, मंदपणे पसरणारी तशीच लाट आढळली. स्वतःच्या दुखण्याकडे वाचकाच्या शांतपणे पाहता येते, याचे मला ठाऊक असलेले हे उत्तम उदाहरण आहे.

आता माझ्या वहीविषयी. डोकेदुखीची नोंदवही ठेवावी, हा सल्ला प्रत्येक रोग्याला मिळतो आणि तो योग्यच आहे. तारीख, दुखणे सुरू झाल्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप, जेवणाच्या वेळा, पाळीची तारीख, हवा, घेतलेले औषध आणि त्याचा परिणाम : असे रकाने आखून मी दीडेक वर्ष नोंदी केल्या. वहीसोबत एक छापील पत्रकही मिळाले होते. त्यात टाळावयाच्या गोष्टी होत्या : मुरवलेले चीज, रेड वाईन, चॉकलेट, डबाबंद मांस. पौडच्या बाजारात उभे राहून हे पत्रक वाचताना परक्या गावाची वाटाडी-पुस्तिका हाती आल्यासारखे वाटते. आमच्याकडची निमित्ते निराळी. वैशाखातल्या दुपारी बसथांब्यावर घालवलेला तास. चंद्रोदयाची वाट पाहणारी संकष्टी. सप्ताहातले जागरण. ताम्हिणीच्या वळणांवरची बस, कारण ज्यांना मायग्रेन असते त्यांना गाडी लागण्याचा त्रासही इतरांपेक्षा अधिक असतो. मिरवणुकीतले डीजेचे ठोके आणि डोळ्यांत घुसणारे दिव्यांचे झोत. उदबत्त्यांचा आणि उग्र अत्तरांचा वास. या यादीत भारतीय शरीराचे आणि भारतीय वेळापत्रकाचे ठसे आहेत, आणि ते परदेशी पत्रकात सापडणे शक्य नव्हते.

यांतले एक निमित्त तर आपल्याकडच्याच एका अभ्यासामुळे जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात गेले. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली ‘सेफॅलॅल्जिया’ या नियतकालिकात ९४ भारतीय रुग्णांविषयीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. या रुग्णांचे मायग्रेन डोक्यावरून न्हाण्याने सुरू होत असे. मराठी घरात ही गोष्ट कुणाला नवी वाटणार नाही. ‘ओल्या केसांनी फिरू नकोस, डोकं धरेल’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. लांब, दाट, हळू वाळणारे केस आणि न्हाण्याचा ठरलेला वार, या चालीमुळे जे दुखणे आपल्याला घरगुती वाटत आले, ते पाश्चात्त्य यादीत नव्हते. आजी-आत्यांच्या बोलण्यातले निरीक्षण शास्त्राच्या दप्तरी दाखल झाले, हे मला महत्त्वाचे वाटते.

पण मराठीत न्हाण या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तेथे गुंता सुरू होतो. न्हाण येणे म्हणजे मुलीला पहिली पाळी येणे. बाहेर बसण्याची चाल होती त्या घरांत चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन बाई घरात येई. आता मायग्रेनचे संप्रेरकांशी असलेले नाते पाहू. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेनची पातळी घसरते आणि अनेक स्त्रियांना पाळी सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतच्या काळात झटका येतो. तो तीन दिवस टिकू शकतो. तिसऱ्या दिवशी उठलेला ठणका चौथ्या दिवशीच्या न्हाण्याच्या नावावर सहज जमा होईल. मग दोषी कोण? पाणी, ओले केस, की रक्तातली घसरण? की तीन दिवस घोंगडीवर अवघडून काढलेली झोप? न्हाणे हे निमित्त खोटे आहे असे मी म्हणत नाही. एकाच दिवसावर इतक्या गोष्टी येऊन बसल्या असताना त्यांतली एक वेगळी काढून तिच्याकडे बोट दाखवणे किती अवघड आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावात माझी आत्या राहते. तिचेही अर्धे डोके तरुणपणापासून दुखत आले आहे. मायग्रेन घराण्यातून येते. आमच्या घरात ते आजीकडून आत्याकडे आणि माझ्याकडे आले असावे. केस ओले राहिल्याने डोके दुखते का, असे मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “आवणीच्या दिवसांत आम्हा सगळ्यांचीच डोकी ओली असतात. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चिखलात वाकलेल्या. मग माझंच का दुखायचं? आणि तेही रोज नाही दुखायचं.” भाताच्या आवणीतला हा प्रश्न कोणत्याही तर्कशास्त्राच्या पुस्तकात शोभावा. जे सर्वांच्या वाट्याला येते ते एकीलाच का लागते, आणि तिलाही काहीच दिवशी का, याचे उत्तर निमित्तात नाही.

काही वेळा तर आपण ज्याला निमित्त समजतो ते दुखण्याचे आरंभीचे रूप असते. जर्मनीतल्या हांबुर्ग येथील दोन संशोधकांनी २०१६ साली एक लक्षणीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एकाच मायग्रेनग्रस्त व्यक्तीच्या मेंदूचे सलग तीस दिवस, रोज, चित्रण केले. त्या काळात तिला तीन झटके आले. दुखणे सुरू होण्याच्या आधीच्या चोवीस तासांत मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाचे काम बदललेले दिसले. भूक, झोप, तहान यांचे नियमन याच भागाकडे असते. म्हणजे ठणका उठण्यापूर्वीच झटका सुरू झालेला असतो आणि त्या टप्प्यात जांभया येणे, मान आखडणे, चिडचिड होणे, गोड खावेसे वाटणे, उजेड खुपणे ही लक्षणे दिसू शकतात. दुपारी चॉकलेट खाल्ले आणि संध्याकाळी डोके दुखले, अशी नोंद वहीत होते. पण चॉकलेट खावेसे वाटले हेच झटक्याचे पहिले पाऊल असेल तर?

आयुर्वेदाच्या निदानपंचकात निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी पाच अंगे मानली आहेत. निदान म्हणजे हेतू. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वीची चिन्हे. माझ्या वहीतल्या नोंदी या दोन रकान्यांत वाटायला बसले, तेव्हा ‘कशामुळे’ या रकान्यातल्या अनेक गोष्टी उचलून ‘पूर्वरूपा’त ठेवाव्या लागल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, ही म्हण आपण योगायोगासाठी वापरतो. येथे तिसरीही शक्यता आहे : फांदी आतून तडकू लागल्याची थरथर कावळ्याला जाणवली आणि तो उडाला, आपण मात्र म्हणतो, कावळा उडाला म्हणून फांदी तुटली. घटनांचा क्रम म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे कथाकथनाच्या संदर्भात आपण वर्गात शिकवतो. आपल्याच शरीराची गोष्ट रचताना ते विसरायला होते, कारण गोष्टीला खलनायक लागतो.

मग या सगळ्याकडे पाहायचे कसे? मला त्याचे चित्र मुळशीतच सापडले. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, ते टाटांचे मुळशी धरण. त्याचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाते. पावसाळ्यात धरण भरत आले की मुळा नदीत पाणी सोडले जाते आणि वर्तमानपत्रांत ‘विसर्ग वाढवला’ अशी बातमी येते. ज्या दिवशी विसर्ग सुरू होतो त्या दिवशीच्या पावसाने धरण भरलेले नसते. जूनपासून पडणारा प्रत्येक पाऊस त्यात असतो. हीच सर मृगात आली असती तर जमिनीने पिऊन टाकली असती. मायग्रेनच्या मेंदूला अशी एक भरण्याची रेषा असते. दोन रात्रींची अपुरी झोप, टळलेले जेवण, पाळीचे दिवस, ऊन, कामाचा ताण, हे एकेक करून सोसले जाते. एकत्र आले की रेषा ओलांडली जाते. म्हणून तीच संकष्टी एका महिन्यात निभावते आणि दुसऱ्या महिन्यात आडवे करते. आणि रेषेची उंची प्रत्येकाची वेगळी, बहुतांशी जन्मजात. आत्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळते.

हे चित्र एकदा मनात बसले की उपचारांची व्यवस्थाही लागते. पहिले काम साठा कमी ठेवण्याचे. झोपेची आणि जेवणाची वेळ शक्यतो रोज एकच; सुट्टीच्या दिवशीसुद्धा. या मेंदूला बदल सोसत नाही, मग तो सुखाचा का असेना. ताण ओसरल्यानंतरच्या काही तासांत झटक्याची शक्यता वाढते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा हातावेगळा केल्यावर त्याच संध्याकाळी डोके का उठते, याचा उलगडा शिक्षकवाचकांना यातून होईल. सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खावी, हा आपल्याकडचा जुना तोडगा. त्यातला गुण जिलेबीपेक्षा पहाटे पोट रिकामे न राहण्यात असावा, असा मी त्याचा अर्थ लावते.

दुसरे काम झटका आल्यावरचे. सहाणेवर उगाळलेल्या सुंठेचा लेप आणि अमृतांजन हे आमच्या घरातले पिढीजात उपाय. १८९३ साली मुंबईत सुरू झालेल्या या मलमाचे नाव खंडाळ्याच्या घाटातल्या एका जुन्या पुलालाही चिकटले होते. एप्रिल २०२० मध्ये तो पूल पाडला गेला. कपाळावरच्या थंडाव्याने बरे वाटते हे खरे, पण आतली लाट त्याने थांबत नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन यांसारखी औषधे, आणि त्यांनी न भागल्यास ट्रिप्टान गटातली सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही औषधे डॉक्टर देतात. हृदयविकार असलेल्यांना ट्रिप्टान चालत नाहीत. औषध कोणते, याइतकेच ते केव्हा हेही महत्त्वाचे. झटक्यात जठराचे काम मंदावते आणि उशिरा घेतलेली गोळी पोटात पडून राहते. ‘बघू, आपोआप थांबेल’ म्हणून दोन तास सोसणे हा सद्गुण नव्हे. मळमळ थांबवणारे औषध बरोबर घेण्याचे कारणही तेच.

मात्र येथे एक सापळा आहे. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान आणि मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली तर औषधच डोकेदुखी टिकवून धरते. दुकानातून पान-सुपारीसारखी सुटी गोळी विकत घेण्याची आपल्याकडची रीत पाहता ही गोष्ट गावोगावी सांगायला हवी. माझ्या वहीतला सर्वांत उपयोगी रकाना औषधाच्या दिवसांचा ठरला आहे.

तिसरे काम रेषा उंच करण्याचे. झटके वरचेवर येत असतील तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधे असतात : प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझीन. ती वेदनाशामके नाहीत. त्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि प्रत्येकाची पथ्ये वेगळी. दमा असलेल्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, मूल होऊ शकेल अशा वयात व्हाल्प्रोएट टाळतात. अलीकडचे संशोधन सीजीआरपी नावाच्या रेणूभोवती फिरते. झटक्यात हा रेणू रक्तात वाढतो. त्याचे काम रोखणारे पहिले प्रतिपिंड-औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले आणि या शोधामागच्या चार शास्त्रज्ञांना २०२१ साली ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले. ही औषधे महाग आहेत, हेही लिहायला हवे. आणि काही डोकेदुख्या वहीत नोंदवत बसण्याच्या नसतात. क्षणार्धात शिगेला पोचलेले दुखणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले, तापाबरोबर मान ताठणारे, हातापायातली शक्ती किंवा वाचा नेणारे, डोक्याला मार लागल्यानंतरचे : अशा वेळी विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

हे सारे मी साहित्याच्या वाचकांपुढे का मांडते आहे? कारण निमित्तांच्या यादीचे आरोपपत्र व्हायला वेळ लागत नाही, हे मी पाहिले आहे. आत्याला तरुणपणी जे ऐकावे लागले त्यात कोणत्याही पत्रकातली सगळी निमित्ते होती : उन्हात गेलीस, उपाशी राहिलीस, केस वाळवले नाहीस, रात्री जागलीस. शेवटी ‘तुझं नेहमीचंच आहे’. ज्या बाईच्या हाती जेवणाची वेळ नव्हती, झोपेची वेळ नव्हती, उन्हात जायचे की नाही हे ठरवणेही नव्हते, तिला या प्रत्येक गोष्टीची जबाबदार धरले गेले. मायग्रेन पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने अधिक आढळते. कर्नाटकात झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार तेथील प्रौढांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला वर्षभरात मायग्रेनचा त्रास होतो. सह्याद्रीच्या या बाजूला चित्र फार वेगळे असेल असे मानायला मला आधार दिसत नाही. तर मग प्रत्येक वर्गात, प्रत्येक शिक्षककक्षात हे दुखणे बसलेले आहे, आणि बहुतेक वेळा गप्प बसलेले आहे.

काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या काळात एक विद्यार्थिनी डोके दुखते म्हणून पेपर अर्धा सोडून उठली. ‘बरोबर पेपरच्याच दिवशी बरं दुखतं’, असे कुणीतरी हसत म्हणाले. वाक्यातला उपरोध बाजूला ठेवला तर ते अचूक निरीक्षण होते. पेपरच्याच दिवशी दुखणार. आदल्या रात्रीचे जागरण, पहाटेची पहिली बस, घाटातली वळणे, रिकामे पोट, मनावरचा ताण आणि वर डोळ्यांपुढे थरथरणारी ट्यूबलाइट. धरण भरायला आणखी काय हवे? जे तिच्या विरुद्ध पुरावा म्हणून सांगितले गेले, तीच तिच्या बाजूची साक्ष होती. साक्ष कशी वाचायची हे वाचणाऱ्याने ठरवले. संहितेच्या एकाच ओळीतून दोन परस्परविरोधी अर्थ निघतात असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातल्या एकाने कुणाचे वर्ष जाईल हे सहसा डोळ्यांपुढे नसते.

मराठीत ‘निदान’ या शब्दाला तीन अर्थ आहेत. रोगाचा हेतू, रोगाची ओळख, आणि ‘कमीत कमी’. पहिले निदान अजून शास्त्राच्याही पुरते हाती आलेले नाही. दुसरे डॉक्टरांचे काम. तिसरे मात्र आपल्याला करता येण्यासारखे आहे. निदान परीक्षेपूर्वी मुलांनी काही खाल्ले आहे का, हे विचारता येते. निदान लुकलुकणारी एक नळी बदलता येते, एखाद्या खोलीत तासभर अंधार करून देता येतो, सोबतची गोळी वेळेवर घेण्यासाठी वर्गाबाहेर जाऊ देता येते. आणि कुणी ‘डोके दुखते’ असे म्हटले, तर ‘कशाने?’ हा प्रश्न निदान पहिला विचारू नये. त्याचे उत्तर पुष्कळदा सुश्रुतसंहितेतला तो एक शब्दच असतो, आणि तो उच्चारण्याचीही ताकद त्या वेळी समोरच्या माणसात नसते.